बर्फाच्या स्वाधीन

आमच्या अब्बांनी गोठलेला समुद्र ऐकला होता, पाहिला मात्र नव्हता. मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये ते ऑइलमन होते. १९७०च्या आसपासच्या एका हिवाळ्यात त्यांचे जहाज लेनिनग्राडला निघाले. फिनलंडचे आखात गोठलेले. पुढे बर्फ फोडणारे जहाज, त्याने पाडलेल्या वाटेने मागोमाग रांगेत मालवाहू जहाजे. अब्बा खाली, आपल्या वॉचवर. जहाजाच्या पत्र्याला बाहेरून बर्फ घासत होता आणि तो आवाज नेमका त्यांच्या कानाच्या उंचीवर होता. 'झोपेत कोणी दात खावेत तसा,' असे ते सांगत. वॉच संपवून डेकवर आले तेव्हा काळोख होता. उजाडले तेव्हा जहाज धक्क्याला लागले होते. तेव्हा आम्हा भावंडांना लहानपणी बर्फाच्या समुद्राचे जे वर्णन मिळाले, ते सगळे कानाचे. एका पत्र्याच्या पलीकडे मौत दात खाते आहे आणि अलीकडे आपला बाप हातात तेलाची बुधली घेऊन उभा आहे, हे चित्र आम्ही नंतर मनाने काढले.

कोकणच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान मोहल्ल्यांत अशा गोष्टींचा तोटा नाही. घरटी एक तरी माणूस जहाजावर गेलेला असतो. दर्यावर्दी माणसाच्या तोंडी एक शब्द पक्का बसलेला असतो, तवक्कल. अल्लाहवर सोपवणे. बंदर सोडताना तोच, तुफानात तोच आणि तार आली नाही म्हणून दारात बसलेल्या बायकांच्या तोंडीही तोच. या शब्दाचा अर्थ आम्हाला कळला आहे असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो. तो पुन्हा तपासावा लागला तो दोन कारणांनी. एक कारण घरातले आहे, ते पुढे येईल. दुसरे एका नॉर्वेजियन जहाजाचे.

या जहाजाचे नाव 'फ्राम'. नॉर्वेजियन भाषेत त्याचा अर्थ 'पुढे'. त्याची हकीकत सुरू होते ती दुसऱ्याच एका जहाजाच्या मरणाने. 'जॅनेट' हे अमेरिकन जहाज १८७९ साली उत्तर ध्रुवाच्या शोधात निघाले, बर्फात अडकले आणि जून १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडून बुडाले. ३३ माणसांपैकी २० दगावली. पुढे १८८४ साली त्या जहाजावरच्या काही वस्तू, कागद, कपडे, पार ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला बर्फावरून वाहत आलेल्या सापडल्या. दुसऱ्या कोणी यात बुडालेल्यांची शेवटची निशाणी पाहिली असती. फ्रिट्‌यॉफ नान्सेन या तरुणाने त्यात वाट पाहिली. या चिजा जर ध्रुवाकडच्या बर्फातून इकडे आल्या असतील, तर तो बर्फ स्वतःच चालतो आहे. मग त्याच्याशी झगडायचे कशाला? मुद्दाम त्यात अडकावे आणि तो नेईल तिकडे जावे.

१८९२ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत त्याने ही योजना मांडली, तेव्हा ध्रुवाकडे जाऊन आलेले जुनेजाणते दर्यावर्दी समोर बसलेले होते. बहुतेकांनी तिला वेडेपणा ठरवले. त्यांचेही चुकत नव्हते. त्यांच्या सगळ्या अनुभवात बर्फात अडकणे म्हणजे मरण, आणि हा माणूस तिकीट काढून अडकायला निघाला होता.

पण त्याने जहाज कसे बांधून घेतले ते पाहा. कॉलिन आर्चर नावाच्या स्कॉटिश वंशाच्या कारागिराकडून त्याने ते करवून घेतले. कित्येक वर्षे वाळवून ठेवलेले ओकचे लाकूड, बाजूंची जाडी सत्तर-ऐंशी सेंटिमीटर, वरून ग्रीनहार्ट या कठीण लाकडाचे कवच. सुकाणू आणि पंखा वर ओढून घेण्याची सोय. पाच वर्षांचे अन्न. दिव्यांसाठी डेकवर पवनचक्की. आणि मुख्य म्हणजे तळ गोल, बाजूही गोल, बर्फाला धरायला कोपरा म्हणून कुठे ठेवलाच नाही. पिकल्या फणसातली आठळी चिमटीत धरली की जशी वर सटकते, तसे जहाज बर्फाच्या चिमटीतून वर सटकावे, एवढाच हिशेब. बर्फापेक्षा मजबूत होण्याचा प्रयत्नच नव्हता.

ही हकीकत आम्ही अब्बांना रोज संध्याकाळी थोडी थोडी सांगत होतो. गोल तळाचे ऐकून त्यांनी लगेच म्हटले, "म्हणजे उघड्या दर्यात हे जहाज लोळणार." आणि खरोखरच फ्राम उघड्या समुद्रात विलक्षण लोळत असे, माणसे हैराण होत. इंजिनरूमच्या माणसाला हे पुस्तक न वाचता कळले.

तेरा माणसांच्या मोहिमेचे हे जहाज २४ जून १८९३ रोजी ख्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ओस्लोहून निघाले. २२ सप्टेंबरला नव्या सायबेरियन बेटांच्या वायव्येला त्याने बर्फाला दोर बांधला. सुकाणू वर घेतले. इंजिनाची साफसफाई करून ते झाकून ठेवले. काही दिवसांत भोवतीचे पाणी गोठले आणि ऑक्टोबरात बर्फाने पहिल्यांदा जहाज दाबले. आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागे. लाकूड करकरले, आणि मग जहाज हळूच वर उचलले गेले. आर्चरचा हिशेब बरोबर निघाला.

पुढे जे आहे, त्यासाठी आम्हाला 'कुदरत' हाच शब्द सुचतो. महिनोन्‌महिने सूर्य नाही. चंद्र मात्र उगवला की दिवसच्या दिवस मावळत नाही, आकाशाला प्रदक्षिणा घालत राहतो. वर उत्तरप्रभेचे हिरवे-तांबडे पडदे हलत असतात आणि त्यांचा जरासुद्धा आवाज होत नाही. खाली पांढरे मैदान, त्यात एक जहाज रुतलेले, पवनचक्की फिरते आहे, आत माणसे विजेच्या दिव्याखाली पत्ते खेळताहेत. आणि हे सगळे मैदान, जहाजासकट, पत्त्यांसकट, वाहत चालले आहे. कोणालाही ते जाणवत नाही. आपण हललो की नाही हे कळण्यासाठी ताऱ्यांकडे यंत्र लावून मोजमाप करावे लागते. आम्हाला या सफरीतली सर्वांत मोठी नवलाई हीच वाटते. माणूस पूर्ण स्थिर बसला आहे अशी त्याची खात्री असते, आणि त्याला शेकडो मैल नेले जात असते.

नान्सेनला समुद्र तिथे उथळ असेल असे वाटले होते. बरोबर आणलेली दोरी तळाला पोचेना. मग जहाजावरचे पोलादी दोर उलगडून त्यांनी नवी लांब दोरी वळली आणि तीन हजार मीटरपेक्षा जास्त खोली मोजली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता थोडा उजवीकडे सरकतो, हेही त्यांनी तिथेच टिपले. त्यावरून एकमान या शास्त्रज्ञाने १९०२ सालापासून जे गणित मांडले ते आजही समुद्रविज्ञानात शिकवले जाते. वाहत जाणारी माणसे हात जोडून बसली नव्हती.

मोहल्ल्यात ही गोष्ट निघाली की कोणीतरी विचारतेच, सहा महिन्यांच्या रात्रीत नमाज कशी, रोजा कसा? उलेमांनी त्यावर अंदाजाच्या वेळा सुचवून ठेवल्या आहेत. आम्हाला विचाराल तर आमचे मन दुसऱ्याच प्रश्नापाशी अडले.

'पुढे' नावाचे हे जहाज सुरुवातीला मागे गेले. नोव्हेंबर १८९३ मध्ये ते जिथे अडकले होते त्याहूनही दक्षिणेला होते. मग उत्तरेला सरकले, पुन्हा मागे, पुन्हा थोडे पुढे. वर्ष उलटले. ज्याने सगळ्या जगाला सांगितले होते की बर्फाच्या स्वाधीन व्हा, त्याच माणसाला आता बसवेना. जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे त्याला दिसले होते. जानेवारी १८९५ मध्ये बर्फाने असा दाब आणला की सामान बाहेर काढून सारे जहाज सोडायच्या तयारीत उभे राहिले. जहाज त्यातूनही सुटून वर आले. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ मार्च १८९५ रोजी, नान्सेन स्वतःच खाली उतरला. बरोबर यालमार योहान्सेन, २८ कुत्रे, तीन घसरगाड्या, दोन कयाक. पायी ध्रुवाकडे. परत येऊन हे वाहते जहाज सापडणे शक्य नाही हे दोघांना पक्के ठाऊक होते.

इथे अब्बांनी आम्हाला थांबवले. "तो उतरला कशाला?" आम्ही म्हटले, ध्रुवावर जायचे होते. "पण त्यानेच सोपवले होते ना?" एवढे विचारून ते गप्प बसले.

एप्रिलमध्ये ८६ अंश १४ मिनिटांच्या आसपास नान्सेनने माघार घेतली. त्यापूर्वी कोणीही माणूस तेवढ्या उत्तरेला गेला नव्हता. ते चालत होते उत्तरेला आणि पायाखालचा बर्फ सरकत होता दक्षिणेला. इकडे जहाज तेरापैकी उरलेल्या अकरा माणसांना घेऊन ओटो स्वेर्ड्रुपच्या हाताखाली आपल्या गतीने वाहत राहिले आणि नोव्हेंबर १८९५ मध्ये ८५ अंश ५५ मिनिटांच्याही पुढे गेले. एवढ्या हालअपेष्टा सोसून चालत गेलेला माणूस आणि जागेवर बसून राहिलेले जहाज, दोघांत अंतर सतरा-अठरा सागरी मैलांचे. अब्बांनी मनात हिशेब केला. "म्हणजे दोन तासांचा रस्ता," ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ हसत होते. नाव मात्र नान्सेनचे झाले. जहाजावर थांबणाऱ्यांची नावे आज त्यांच्या देशाबाहेर किती जणांना ठाऊक आहेत?

आता घरातले कारण. २०१७ साली मुंबईच्या एका इस्पितळात अब्बांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद असल्याचे निघाले. डॉक्टरांनी बायपास सांगितली. अब्बा एकोणऐंशीचे होते. ते म्हणाले, "नको. अल्लाहवर सोपवले." आम्ही भावंडे चिडलो. हा शब्द आम्हाला फार वाईट रीतीने भेटलेला होता.

आमच्या बंदरात एका होडीमालकाने मोसमाच्या तोंडावर होडीची डागडुजी टाळली होती. फळ्यांतून पाणी येते हे खलाशांनी सांगितले, तर तो म्हणाला, अल्लाह मालिक आहे. होडी परतली नाही. दोघे गेले, एकाचीच मय्यत मिळाली. कब्रस्तानात तोच मालक पुढे उभा राहून तकदीरचे बोल बोलत होता आणि लोक मान हलवत होते. मुलीला ताप आला, भरोसा ठेवा. मुलाची शाळा सुटली, नशिबात नव्हती. आपल्या समाजात आळसाला, कंजूषपणाला आणि कधी कधी सरळ गुन्ह्याला या एका शब्दाने इतकी वर्षे पांघरूण घातले आहे, की तो ऐकला की आमच्या कपाळाला आठी पडते. उंट मोकळा सोडून तवक्कल करू की बांधून, असे विचारणाऱ्याला हजरत पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितल्याची हकीकत प्रत्येक मदरशात सांगतात. हजरत नूह यांनाही नाव आपल्या हातांनी बांधावी लागली. नान्सेनला धर्माची फारशी ओढ नव्हती, पण हे मर्म आमच्या होडीमालकापेक्षा त्याला अधिक कळले होते. त्याचा गोल तळ म्हणजे बांधलेला उंटच.

अब्बांना ही हकीकत सांगायला घेतली ती खरे तर त्यांना वळवण्यासाठी. तदबीर केल्याशिवाय तकदीरवर सोपवू नये, हे त्यांच्याच भाषेत, जहाजाच्या भाषेत, त्यांना पटवावे असा बेत होता. त्यांनी तो आमच्यावरच उलटवला. इतक्या वर्षांत आमच्या नजरेला न पडलेले आम्ही पाहू लागलो. ते औषधाची एक गोळी चुकवत नव्हते. मीठ सोडले होते. सकाळी मशिदीपर्यंत आणि परत, मोजून तेवढेच चालत. ज्यांचे देणे होते ते देऊन झाले होते. घराचे कागद अम्मीच्या नावे केले होते. इंजिनरूममधल्या लॉगबुकसारखी एक वही त्यांनी आखली होती, तीत रक्तदाब, नाडी, गोळी, वेळ. जेवढे बांधायचे ते बांधून झाले होते. त्यांना नको होता तो फक्त चाकू. मग त्यांचा हा नकार होडीमालकाच्या रांगेत बसवायचा की फ्रामवर थांबलेल्या माणसांच्या?

यावर आम्ही भावंडे आजही एकमताचे नाही. धाकटा म्हणतो, तदबीर पुरी झाली नव्हती, एक दोर बांधायचा राहिला होता. त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

पण या विचारात एक गोष्ट आम्हाला हळूहळू दिसू लागली, आणि ती दाखवली नान्सेनच्या कुत्र्यांनी. ते २८ कुत्रे वाटेत एकेक करून मारले गेले, उरलेल्या कुत्र्यांना खायला घालण्यासाठी. शेवटी दोन राहिले, काइफास आणि सुगेन. ऑगस्ट १८९५ मध्ये मोकळे पाणी लागले, कयाकमध्ये कुत्र्यांना जागा नव्हती. आपला कुत्रा आपल्या हाताने मारवेना, म्हणून दोघांनी अदलाबदल केली. नान्सेनने योहान्सेनचा मारला आणि योहान्सेनने नान्सेनचा. हा प्रसंग आम्ही अब्बांना सांगितला नाही. नान्सेनने स्वतःला बर्फाच्या स्वाधीन केले, ही त्याची मर्जी. कुत्र्यांना कोणी विचारले होते? स्वतःला सोपवणे आणि दुसऱ्याला सोपवणे, या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, सगळा घोळ तिथे आहे. होडीमालकाने आपला जीव अल्लाहवर सोपवला नव्हता, तो किनाऱ्यावर होता. त्याने खलाशांचे जीव सोपवले होते. तापाने फणफणलेल्या मुलीचा बापही आपला ताप सोपवत नसतो. अब्बा जे सोपवत होते ते त्यांचे स्वतःचे होते. अम्मीचा त्यात वाटा होता हे खरे, आणि म्हणून त्यांनी हो-नाही करण्यापूर्वी तिला एकटीला विचारले होते, हे आम्हाला ती विधवा झाल्यावर कळले.

नान्सेन आणि योहान्सेन यांचेही पुढे काय झाले ते सांगायला हवे. त्यांनी फ्रान्झ योसेफ लँडवर दगडांची खोली बांधली, वर वॉलरसच्या कातड्याचे छप्पर घातले, आणि १८९५-९६ चा सगळा हिवाळा अस्वलाचे मांस खाऊन एकाच पिशवीत झोपून काढला. चरित्रकार सांगतात की वर्षअखेरच्या रात्री नान्सेनने सुचवले, आता आपण एकमेकांना 'तुम्ही' म्हणणे सोडू या. तोवर इतके महिने ते अहो-जाहो करत होते! जून १८९६ मध्ये त्यांना एक इंग्रज मोहीम भेटली आणि १३ ऑगस्टला ते नॉर्वेच्या वार्डो बंदराला लागले. त्याच दिवशी, १३ ऑगस्ट १८९६ रोजी, फ्राम स्पिट्सबर्गेनजवळ बर्फातून मोकळे झाले. तेही आपोआप नव्हे, माणसांनी सुरुंग लावून शेवटचा बर्फ फोडला होता. तेराही माणसे जिवंत परतली. पुढे नान्सेन निर्वासितांचा उच्चायुक्त झाला, बेवतन झालेल्यांना त्याच्या नावाचा पासपोर्ट मिळाला, १९२२ चे शांततेचे नोबेलही. योहान्सेनला आयुष्याने तसे काही दिले नाही. त्याने जानेवारी १९१३ मध्ये स्वतःला संपवले.

फ्रामनंतर सव्वाशे वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, 'पोलारस्टेर्न' या जर्मन जहाजाने तोच प्रयोग मुद्दाम पुन्हा केला. कित्येक देशांचे शास्त्रज्ञ बर्फाला दोर बांधून वाहत निघाले. पण आधी त्यांना तळ ठोकण्याजोगा पुरेसा जाड बर्फच सापडेना, शोधत फिरावे लागले. आणि सापडला तो अंदाजापेक्षा वेगाने वाहत गेला आणि जुलै २०२० च्या अखेरीस तुकडे तुकडे झाला. अब्बा तेव्हा नव्हते. असते तर त्यांना आम्ही विचारले असते, ज्याच्या हाती सोपवायचे त्याचाच हात आपण तोडत असू तर? हा बर्फ वितळतो तो कोळसा आणि तेल जाळल्याने. ते तेल अब्बा आयुष्यभर इंजिनात जळताना पाहत होते. आमच्या किनाऱ्यावरची निम्मी पक्की घरे आखाती तेलाच्या पगारावर उभी राहिली आहेत, आमचेही त्यातच आले. आम्ही शिकलो ते त्याच पैशावर. तेव्हा दुसऱ्यांचे जीव परस्पर सोपवून किनाऱ्यावर उभा राहिलेला तो मालक आम्हाला आता पूर्वीइतका परका वाटत नाही.

अब्बा २०१८ च्या पावसाळ्यात गेले, घरी, फजरच्या आधी. त्यांची वही अम्मीने कपाटात ठेवली आहे. शेवटच्या पानावर आदल्या रात्रीची दहाची नोंद आहे. रक्तदाब, नाडी, गोळी घेतली. खाली पुढच्या दिवसाच्या वेळा त्यांनी नेहमीप्रमाणे आधीच लिहून ठेवल्या आहेत आणि समोरचे रकाने आखून मोकळे सोडले आहेत.